नऊ हजार विटा आणि चुन्याची एक रेघ

कुणाच्या घरी पहिल्यांदा गेलं की माणसं भिंतीचा रंग बघतात, फरशी बघतात, सोफ्यावर बसून बघतात. मी आधी खाली बघतो. पायरी चढण्याआधीच माझी नजर जोत्यावर जाते. जोतं जमिनीपासून किती वर आहे, सांधे नीट भरलेत का, कोपरा काटकोनात आहे का, हे सगळं बघून झालं की मग मी यजमानांकडे बघून नमस्कार करतो. बायको म्हणते, एक दिवस कुणीतरी तुम्हाला चप्पलचोर समजेल. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली तरी ही खोड गेली नाही, आणि आता जाईल असं वाटत नाही.

मी नोकरी केली ती घरबांधणीला कर्ज देणाऱ्या एका सहकारी संस्थेत. मुख्य कार्यालय जळगावला, आणि माझी उमेदीची वर्षं गेली धुळ्याच्या शाखेत. धुळ्यात मला लोक माझ्या नावानं कमी आणि ‘जोतेसाहेब’ म्हणून जास्त ओळखायचे. कारण काउंटरपाशी कुणीही आलं की माझा पहिला प्रश्न ठरलेला असे: जोतं झालं का?

हे जोत्याचं प्रकरण काय होतं ते सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. घराला समजा चाळीस हजार लागणार आहेत. संस्था त्यातले तीस हजार कर्ज देणार. उरलेले दहा तुमचे. त्याला आम्ही ‘हिस्सा’ म्हणायचो. आता गंमत अशी की हे दहा आधी खर्च व्हायला हवेत. तुमच्या पैशानं पाया खणा, जोत्यापर्यंत काम आणा, मग आमचा पहिला हप्ता मिळेल. नियम वाईट नव्हता. स्वतःचा पैसा मातीत गेलेला माणूस काम अर्धवट टाकून जात नाही, असा त्यामागचा हिशेब. पण पगारावर घर चालवणाऱ्या माणसाला तीस हजारांचे हप्ते पंधरा वर्षं फेडणं जमायचं. एकरकमी दहा हजार उभे करणं मात्र जमायचं नाही. उंबरठा ओलांडण्याआधीच अडायचं सगळं. धुळ्याच्या भोवती नव्या कॉलन्यांमध्ये तेव्हा अशी कितीतरी जोती अर्धवट पडलेली दिसायची. काहींच्या पोटात बाभळी उगवलेल्या. त्यातल्या बऱ्याच जोत्यांच्या फायली माझ्या कपाटात होत्या.

हिस्सा दाखवण्यासाठी लोक काय काय करत. रावेरकडच्या एका केळीवाल्या बागायतदारांनी खताच्या पिशवीत सगळ्या घराचे रोख पैसे आणून माझ्या टेबलावर ठेवले. मी म्हटलं, ‘मग कर्ज कशाला?’ तर म्हणाले, ‘जावयाला वाटलं पाहिजे ना, सासऱ्यावर कर्ज आहे म्हणून.’ दुसरीकडे एका शाळेतले पाच शिक्षक एकाच महिन्यात हिस्सा घेऊन आले. पाचही पासबुकांत आठ-आठ हजार. मी खूश. नंतर तारखा बघितल्या तर एकाच्या खात्यातून सोमवारी निघालेले आठ हजार मंगळवारी दुसऱ्याच्या खात्यात, बुधवारी तिसऱ्याच्या. शनिवारी ते परत पहिल्याकडे पोचले होते. त्या एका रकमेनं जेवढा प्रवास केला तेवढा मी पूर्ण नोकरीत केला नसेन. तेव्हापासून नियम आला की रक्कम पासबुकात सहा महिने सलग दिसली पाहिजे. तो नियम सुचवणारा शहाणा मीच. तेव्हा मला त्याचा फार अभिमान होता.

आणि मग संस्थेनं एक चांगलं काम केलं. नफ्यातला एक भाग बाजूला काढून ‘हिस्सा साहाय्य निधी’ सुरू केला. ज्यांच्याकडे पगाराची पावती आहे, प्लॉट आहे, पण हिश्श्याचे पैसे नाहीत, त्यांच्या हिश्श्यातला अर्धा भाग संस्था देणार. व्याज नाही. मूळ कर्जाची पाच वर्षं नीट गेली की मग थोडं थोडं परत करायचं. अर्ध्या हिश्श्याची सोय अर्जदारानं स्वतः करायची, आणि ती अर्थातच सहा महिने पासबुकात दिसायला हवी. परिपत्रक आलं त्या दिवशी मी शिपायाला पेढे आणायला पाठवलं. आता बाभळीवाली जोती पूर्ण होणार, असं मला मनापासून वाटलं.

पहिल्याच आठवड्यात इंदूअक्का आल्या. मूळच्या साक्रीकडच्या. नवरा धनराज नगरपालिकेत व्हॉल्व्हमन. म्हणजे कोणत्या भागाला कधी पाणी सोडायचं ते लोखंडी चावीनं उघडणारा आणि बंद करणारा माणूस. धुळ्यात पाण्याचे दिवस मोजूनच सगळ्यांचा संसार चाले, त्यामुळे धनराजला रस्त्यात आमदारापेक्षा जास्त नमस्कार मिळत. तो माणूस अबोल. सही करायला यायचा, सही करून जायचा. बोलायचं काम अक्कांचं. त्या घरी ज्वारीच्या बिबड्या आणि उडदाचे पापड करून विकायच्या.

पालिका कर्मचाऱ्यांच्या सोसायटीत त्यांचा प्लॉट होता. सोसायटीची नोटीस त्यांनी पदरातून काढून माझ्यापुढे ठेवली. मार्चअखेर जोतं दिसलं नाही तर प्लॉट काढून प्रतीक्षा यादीतल्या पुढच्या माणसाला देणार, असं तिच्यात लिहिलं होतं. तेव्हा भाद्रपद चालू होता.

‘आठ वरीस व्हई ग्यात भाड्याना घरमा,’ अक्का म्हणाल्या. ‘आंडेर आखाजीले येस, तिले झोका बांधाले जागा नही. मालक म्हनस, मन्हा वासाले दोर बांधू नका.’

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सासरी गेलेल्या लेकी, अक्कांच्या भाषेत आंडेरी, माहेरी येतात. झोके बांधतात, गाणी म्हणतात, चार दिवस कुणाचं ऐकत नाहीत. झोक्याशिवाय आखाजी म्हणजे काय, हे मला सांगायची गरज नव्हती. मी बोदवडचा आहे. माझ्याही बहिणी आहेत.

मी त्यांना हिशेब समजावून दिला. घर चाळीस हजारांचं, हिस्सा दहा, त्यातले पाच निधीतून मिळतील. ‘उरलेले पाच हजार तुमच्या पासबुकात सहा महिने दिसले पाहिजेत. आजपासून मार्चपर्यंत बरोबर बसतं. पण उशीर करू नका.’

त्यांनी विचारलं, ‘पासबुकमाच पायजेत का, भाऊ? दुसरं काही चालस का?’

‘पासबुकच,’ मी म्हटलं आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

हा प्रसंग मी नंतर मनात शेकडो वेळा परत बघितला आहे. बाईनं सरळ विचारलं होतं. मला फक्त एवढंच म्हणायचं होतं, की दुसरं म्हणजे काय? पण मी म्हटलं नाही. रांग मोठी होती, हे खरं; पण खरं कारण ते नव्हतं. मला माझा नियम फार आवडायचा.

बारा दिवसांत अक्का परत आल्या. पासबुकात पूर्ण पाच हजार. मी उठून उभा राहिलो. ‘व्वा,’ म्हटलं, ‘मनात आणलं तर माणूस काय करू शकतो बघा.’ अक्का हसल्या, पण तोंडभरून हसल्या नाहीत. ते तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात सहा महिने भरत आले. मंजुरीआधी जागा बघायचा नियम होता, म्हणून मी सायकलवर सोसायटीत गेलो. प्लॉट मोकळा. मोकळा असणारच होता. पण जमिनीवर एका कडेला मोठा लांबट चौकोन लालसर दिसत होता, आजूबाजूला गवत आणि त्या चौकोनात गवताची काडी नाही. शेजारच्या घरातल्या बाई कपडे वाळत घालत होत्या. त्यांना विचारलं, इथे काय होतं?

‘विटा होत्या ना. नऊ हजार. चार वर्षं आणत होती बिचारी. भट्टीवरच्या तांबूस-पिवळ्या, थोड्या वाकड्या, दोन नंबरच्या विटा. बिबड्यांचे पैसे आले की शंभर-दोनशे विटा. धनराज सुट्टीच्या दिवशी रचायचा. भादव्यात विकल्या एकदम. का विकल्या कोण जाणे.’

का विकल्या ते मला लगेच समजलं.

मी तिथून सरळ अक्कांच्या खोलीवर गेलो. त्या चुलीपुढे बसून बिबड्यांचा घाटा हलवत होत्या. मी दारातच उभा राहून विचारलं, ‘अक्का, विटा विकल्या तुम्ही?’

त्यांनी पळी बाजूला ठेवली. ‘तुम्हीच सांगं ना, भाऊ, पासबुकमा पैसा पायजेत. मंग मी ईटा इकी टाक्यात. साडेतीन हजार वनात. बाकीना भिशीना आनि मन्ही चांदीना पाटल्यास्ना.’

‘पण विटा आहेत असं मला सांगितलं का नाही?’

‘तुम्ही कोठे इचारं?’

त्यांच्या आवाजात राग नव्हता. साहेबांनी सांगितलं म्हणजे तसंच असणार, असं समजून बाईनं घर बांधण्यासाठी घरच विकून टाकलं होतं. आणि त्यात तिचं काही चुकलं असं तिला वाटत नव्हतं. मीच तिला उठून उभं राहून ‘व्वा’ म्हटलं होतं. ते आठवून मला तिथून पळून जावंसं वाटलं.

आता अडचण काय झाली होती ते बघा. त्या वर्षी भट्ट्यांना कोळसा वेळेवर मिळाला नव्हता आणि विटांचे भाव चढले होते. साडेतीन हजारांना गेलेल्या विटा परत घ्यायच्या तर सहा हजार लागणार. म्हणजे पासबुकातले पाच हजार विटांनाही पुरणार नव्हते, मग सिमेंट, दगड, मजुरी कुठून आणायची? इंजिनिअरचं अंदाजपत्रक कोलमडलं. हिस्सा कमी पडतो म्हणून फाइल नामंजूर होणार, आणि महिनाअखेर प्लॉट जाणार. नियमानं वागूनही.

‘आते काय करानं?’ अक्कांनी विचारलं. मी म्हटलं, दोन दिवस द्या.

विटा कुणी घेतल्या याचा शोध लावायला वेळ लागला नाही. विटांच्या दलालानं लगेच नाव सांगितलं, आणि नाव ऐकून मी डोक्याला हात लावला. नानाभाऊ. नुकतेच निवृत्त झालेले एसटीचे ड्रायव्हर, माझे जुने अर्जदार. त्यांचंही घरकर्जाचं प्रकरण माझ्याकडेच होतं, आणि उताऱ्यावरच्या एका नोंदीवरून मी ती फाइल आठ महिने अडवून ठेवली होती. म्हणजे त्यांनी घर बांधायला घेतलंच नव्हतं. म्हणजे विटा अजून शाबूत असणार. माझ्या संथपणाचा कुणाला उपयोग व्हायची ती माझ्या नोकरीतली पहिलीच वेळ.

नानाभाऊंच्या अंगणात विटांचा ढीग तसाच होता, वर ताडपत्री घातलेली. मला बघून ते म्हणाले, ‘मंजूर झालं का?’ मी म्हटलं, ते झालं नाही, दुसऱ्या कामासाठी आलो. आणि सगळं सांगितलं. नानाभाऊ पहिल्यांदा हसले. मग हसू थांबलं आणि चेहरा असा झाला की मी एक पाऊल मागे घेतलं.

‘म्हणजे तुमच्या वहीत आकडा दिसावा म्हणून त्या बाईनं घर विकलं. घर बांधायला.’

‘हो.’

‘मी पंचवीस वर्षं गाडी चालवली, साहेब. घाटात गाडी बंद पडली तर पॅसेंजरला खाली उतरवून मी कधी निघून गेलो नाही. ज्या भावानं घेतल्या त्याच भावानं विटा परत देतो. माझं घर तर तुमच्या कृपेनं कागदावरच आहे, मला लागतील तोवर भाव उतरतील. पण ट्रॅक्टरचं भाडं तिच्याकडून घ्यायचं नाही. ते तुम्ही द्यायचं.’

मी म्हटलं, देतो. बायकोनं त्या महिन्यात नवीन मिक्सर घ्यायचं ठरवलं होतं. तो पुढच्या दिवाळीपर्यंत लांबला.

पण खरा पेच इथून पुढे होता. विटा परत घेतल्या की पासबुकात दीड हजार उरणार. म्हणजे विटा आल्या तर नियम मोडतो आणि नियम पाळला तर विटा जातात. विटा हाच हिस्सा आहे, असं संचालक मंडळानं मान्य केलं तरच हे सुटणार होतं. सुदैवानं त्याच आठवड्यात जळगावला मंडळाची सभा होती. मी फाइल उचलली, सोबत कापडी पिशवीत त्या ढिगातली एक वीट घेतली आणि सकाळच्या एसटीनं निघालो. वीट कशाला, तर ऐन वेळी टेबलावर ठेवून भाषण करायचं, असा माझा बेत होता. पारोळ्यापासून एरंडोलपर्यंत मी ते भाषण मनात पाठ केलं. शेजारचा प्रवासी दर खड्ड्याला पिशवी गुडघ्यावर आपटते म्हणून वैतागला होता.

आमचे अध्यक्ष म्हणजे कापसाचे जुने व्यापारी. सगळे त्यांना आबा म्हणत. सभेत माझा विषय आला तेव्हा मी उभा राहिलो आणि पाठ केलेलं सगळं विसरलो. जे घडलं ते तसंच सांगून टाकलं. पासबुकाचा नियम मीच सुचवला होता आणि तो चुकला, हेही सांगितलं. इतक्या लोकांसमोर हे बोलताना माझे कान तापले होते.

कायद्याचं काम बघणारे आमचे वकील लगेच म्हणाले, ‘विटांचा काय भरवसा? आज दाखवतील, उद्या विकतील.’

मी म्हटलं, ‘विकल्याच होत्या साहेब. आपण सांगितलं म्हणून.’

आबा इतका वेळ सुपारी कातरत होते. त्यांनी अडकित्ता खाली ठेवला. ‘वकीलसाहेब, माझ्या जिनिंगला बँक पैसे देते ते काय बघून देते? गोदामात येते, कापसाच्या गाठी मोजते आणि पैसे देते. माझं पासबुक बघायला लागली तर मला चहालासुद्धा देणार नाही. मग ह्या बाईच्या विटा मोजायला आपल्याला काय हरकत आहे?’

‘पण आबा, गोदामाला बँकेचं कुलूप असतं,’ वकील म्हणाले. ‘उघड्यावरच्या विटांना कुलूप कसं लावणार? तपासणी झाल्यावर हजार विटा शेजारच्याच्या ढिगात गेल्या तर कळणार कसं?’

मुद्दा बरोबर होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. आणि त्या क्षणी मला माझे वडील आठवले. ते बोदवड स्टेशनवर रेल्वेत होते. यार्डात इंजिनच्या कोळशाचे ढीग असायचे आणि त्यांवर चुन्याचं पाणी मारून ठेवलेलं असायचं. लहानपणी मला वाटायचं कोळसा चांगला दिसावा म्हणून करत असतील. वडिलांनी सांगितलं होतं, चोरी कळावी म्हणून. पांढऱ्यात काळं दिसलं की कुणीतरी हात मारला.

‘ढिगावर चुन्याची रेघ मारायची,’ मी म्हटलं. ‘या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत, तिरकी, चारी बाजूंनी आणि माथ्यावरून. इंजिनिअरनं विटा मोजायच्या, पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि रेघ मारायची. विटा काढल्या की रेघ तुटणार. परत तशीच्या तशी जुळवणं कुणाच्या बापाला जमणार नाही.’

शेवटचे शब्द सभेत शोभणारे नव्हते. पण आबा हसले आणि वकीलसाहेबांनीही मान हलवली. ठराव झाला: जागेवर आणून ठेवलेलं आणि खूण केलेलं बांधकामाचं सामान बाजारभावानं अर्जदाराचा हिस्सा म्हणून धरावं. अक्कांच्या विटा सहा हजारांच्या धरल्या गेल्या. वर पासबुकातले दीड हजार. पाच हजारांच्या जागी साडेसात. वीट पिशवीतून बाहेर काढायची वेळच आली नाही. परतताना मात्र तीच पिशवी मला बिलकूल जड लागली नाही, आणि एरंडोलला मी शेजारच्या अनोळखी माणसाला उगाचच चहा पाजला.

दुसऱ्या दिवशी नानाभाऊ स्वतः ट्रॅक्टरवर बसून आले. पाच खेपा झाल्या. धनराजनं ढीग रचला, त्याच लाल चौकोनावर, तसाच. इंजिनिअर मोजत होता आणि अक्का मागे उभ्या राहून मनातल्या मनात मोजत होत्या. शेवटी त्या म्हणाल्या, ‘एक ईट कमी शे.’

मी गुपचूप पिशवीतून वीट काढून दिली. ती कुठे गेली होती हे सांगितल्यावर धनराज मोठ्यानं हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच बघितलं.

चुना मीच कालवला आणि रेघही मीच मारली. कुंचा हातात धरायची सवय नव्हती, त्यामुळे रेघ जराशी नागमोडी गेली. तिसऱ्या दिवशी निधीतले पाच हजार धनराजच्या हातात पडले आणि पाया खणायला सुरुवात झाली.

पाण्याचा प्रश्न आला तेव्हा धनराजचा खरा स्वभाव कळला. अख्ख्या भागाचं पाणी त्याच्या चावीत, पण स्वतःच्या बांधकामासाठी त्यानं व्हॉल्व्ह एक मिनिटसुद्धा जास्त उघडला नाही. सायकलला दोन डबे बांधून लांबच्या विहिरीवरून पाणी आणायचा. तीन दिवस कॉलनीनं ते बघितलं. चौथ्या दिवशी शेजारच्या कपडेवाल्या बाईंनी आपल्या पाळीच्या पाण्यातून दोन हंडे आणून जोत्यावर ओतले. मग समोरच्या घरानं ओतले. मग ती पद्धतच पडली. मार्चच्या शेवटच्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी जोतं बघायला आले तेव्हा ते पूर्ण होतं आणि भिजवलेलं होतं. त्यांनी माझ्यासमोर वहीत शेरा मारला: जोते पूर्ण. मी तो शेरा दोनदा वाचला. माझ्या नावाची बढतीची ऑर्डरही मी एकदाच वाचली होती.

त्यानंतर मी कपाट उघडलं आणि बाभळीवाल्या जोत्यांच्या जुन्या फायली बाहेर काढल्या. एकेकाच्या घरी गेलो आणि तोच प्रश्न विचारला, पासबुकाशिवाय तुमच्याकडे काय आहे? कुणाकडे गावच्या शेतातलं सागवान निघालं, कुणाकडे काकाच्या खाणीतला दगड. एक गवंडी म्हणाला, माझ्याकडे माझे हातच आहेत. त्याच्या मजुरीचाही हिस्सा धरण्यासाठी मला जळगावला आणखी दोन चकरा माराव्या लागल्या, पण धरला. नानाभाऊंची नोंद मी स्वतः तलाठ्याकडे जाऊन आठ दिवसांत दुरुस्त करून आणली. शहराच्या कडेनं सायकलवरून जाताना ढिगांवर पांढऱ्या रेघा दिसायला लागल्या की मला कुणी सलाम करतंय असं वाटायचं. काही घरं मात्र राहिली. एक फाइल होती शिवणकाम करणाऱ्या एका बाईंची. मी पोचलो तेव्हा त्या प्लॉट परत करून सुरतेला भावाकडे निघून गेल्या होत्या. त्यांनाही मी कधीतरी ‘पासबुकच’ असंच म्हटलं असणार. त्यांचं नाव मी विसरलेलो नाही.

पुढच्या वर्षीच्या आखाजीला इंदूअक्कांचा निरोप आला, घरी या. मी बायकोला घेऊन गेलो. सवयीनं आधी जोतं बघितलं. मग वर बघितलं, तर दोन खोल्यांचं घर, पुढे पडवी आणि पडवीच्या छतात स्लॅब टाकतानाच बसवलेल्या दोन जाड लोखंडी कड्या. त्यांना नवाकोरा दोर आणि पाट. आत लेकी, भाच्या, शेजारणी, आंब्याच्या रसाचा आणि पुरणाचा वास. अक्कांची लेक मूल कडेवर घेऊन झोक्यापाशी उभी होती, पण बसत नव्हती.

‘बस ना,’ मी म्हटलं.

अक्का पुढे आल्या. ‘नही. आधी तुम्ही बठा, भाऊ. तुम्हना वजनले कडी टिकनी, म्हंजे पोरीस्ले टिकी.’

बायका हसायला लागल्या. माझं वजन तेव्हाही चांगलं होतं. मी नको नको म्हणत असताना माझ्या बायकोनंच मला पाटावर ढकललं. कुणीतरी झोका दिला. मी, शाखाधिकारी, घरकर्ज विभाग, आखाजीच्या झोक्यावर पाय उचलून बसलो, आणि कडी टिकली.

झोका मागे गेला तेव्हा मला पडवीची आतली भिंत दिसली. सगळ्या घराला गिलावा होता, फक्त तेवढी भिंत उघड्या विटांची ठेवलेली. तांबूस-पिवळ्या, थोड्या वाकड्या विटा. आणि त्यात इथे एक, तिथे एक, कुठे उभा, कुठे आडवा, चुन्याचा पांढरा तुकडा. मी मारलेली रेघ गवंड्याच्या हातून अख्ख्या भिंतीभर पसरली होती.

‘गिलावा राहिला का पैशासाठी?’ मी झोक्यावरूनच विचारलं. अजूनही माझ्या डोक्यात अंदाजपत्रकच.

‘पैसा व्हतात,’ अक्का म्हणाल्या. ‘पन ती तुम्हनी रेघ शे. तिनावर सिमिट लावानं नही, असं मीच सांगं गवंडीले.’

मला उतरायचं होतं, पण डोळे पुसल्याशिवाय उतरणं बरं दिसलं नसतं. म्हणून म्हटलं, अजून एक झोका द्या. अक्कांच्या लेकीनं दिला, चांगला जोरात.